गावातल्या नव्या फिल्मवाल्या पोरांना हात कसा द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट तालुक्याच्या गावी सुट्टीत मोबाईलवर फिल्म करायची शिबिरं घेतो आणि वर्षातून एकदा पोरांनी केलेल्या फिल्म पडद्यावर लावतो. पालक, शिक्षक, गणेश मंडळांचे कार्यकर्ते आणि खुद्द पोरं, सगळ्यांकडून साधारण तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. रील आणि शॉर्टफिल्म यात फरक काय? आमची पोरं दिवसभर रील करतातच की!

म्हणजे निम्मं काम त्यांना येतंच. फोन कसा धरायचा, कुठे कापायचं, कुठल्या अंगानं चेहरा बरा दिसतो, हे रील करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. अडतं ते गाणं काढून घेतल्यावर. रीलमध्ये भाव गाणं पुरवतं, फिल्ममध्ये तो प्रसंगातून यावा लागतो. म्हणून पहिला अभ्यास आम्ही असा देतो: तीन मिनिटं, एकच जागा, दोन माणसं, गाणं बंद. आजी चष्मा शोधतेय आणि तो कुठे आहे हे नातवाला माहीत आहे, एवढं पुरतं. नातू का सांगत नाही, हे ज्याला सुचलं त्याची फिल्म सुरू झाली.

लांबीचं म्हणाल तर पहिली फिल्म दहा मिनिटांच्या आत ठेवा. पंचवीस मिनिटांची पहिली फिल्म बहुधा पूर्ण होत नाही, आणि झाली तरी घरच्यांशिवाय कुणी शेवटपर्यंत बघत नाही.

२. चांगला कॅमेरा नाही. मोबाईलवर केलेली फिल्म कुणी बघेल का?

बघेल. गेल्या काही वर्षांतला कुठलाही बरा फोन फुल एचडी चित्र देतो आणि गावातल्या पडद्याला तेवढं पुरे. मूकपटांच्या काळात कोल्हापुरात दिग्दर्शक बाबूराव पेंटरांना कॅमेरा स्वतः बनवावा लागला होता. तुमच्या खिशात तो तयार आहे. कॅमेरा घेऊन द्या म्हणून हट्ट धरणाऱ्या पोराला आधी फोनवर एक फिल्म पुरी करायला सांगा.

एक अडचण मात्र सगळ्यांना येते. घरात ट्यूबलाईटखाली शूट केलं की चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि शटरचा वेग (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) स्वतःच ठरवतो. फोनच्या प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची मापं स्वतः ठरवता येतात तिथे) जाऊन शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा, जमलं तर २५ फ्रेम निवडा, पट्टे जातात. फोनमध्ये प्रो मोड नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप चालतं का बघा. तेही नाही जमलं तर दिवसा खिडकीजवळ शूट करा. खरं तर खिडकीच्या उजेडाइतका सुंदर उजेड भाड्याच्या लाईटनंही मिळत नाही.

ट्रायपॉड नसेल तर धान्याची छोटी पिशवी भिंतीवर ठेवून तिच्यावर फोन टेकवा. फोन आडवाच धरायचा, आणि झूमला हात लावायचा नाही. जवळचं हवं असेल तर चालत जवळ जा.

३. चित्र छान येतं, पण आवाज फार वाईट येतो. काय करू?

आमच्याकडे येणाऱ्या फिल्म पडतात त्या इथे. लोक थोडं अंधारं चित्र सहन करतात, पण न कळणारा संवाद सहन करत नाहीत. दोन मिनिटांत मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते.

फोन पात्रापासून दहा फुटांवर असेल तर त्याला पात्राआधी पंखा, मिक्सर आणि शेजारची पिठाची गिरणी ऐकू येते. उपाय स्वस्त आहे. दुसरा एक फोन रेकॉर्डर चालू करून पात्राच्या वरच्या खिशात किंवा फ्रेमच्या जरा बाहेर ठेवा. विमान मोडवर टाकायला विसरू नका. दोन्हीकडे रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. एडिटिंग करताना हात जुळलेली फ्रेम आणि टाळीचा आवाज एकाखाली एक आणले की संवाद ओठांवर बसतो. कॉलरला लावायचा साधा वायरचा माईक काही शे रुपयांत मिळतो. तो कडक सुती सदऱ्याला घासून खरखर करतो, म्हणून कापड आणि माईक यांच्यामध्ये चिकटपट्टीची छोटी घडी ठेवा. मैदानात वारं असेल तर माईकला लोकरीचा तुकडा गुंडाळा.

आणखी एक गोष्ट, जी कुणीच करत नाही. प्रत्येक जागेचं शूट संपल्यावर सगळ्यांनी गप्प उभं राहून अर्धा मिनिट नुसता त्या जागेचा आवाज रेकॉर्ड करायचा. दोन संवादांच्या मधे भोक पडतं ते बुजवायला हाच आवाज लागतो.

आवाजाकडे पोरांचं लक्ष जावं म्हणून एका शिबिरात आम्ही फक्त आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगितलं होतं. सातवीतल्या एका मुलीनं आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणला. थप, थप, मधेच बांगड्या, मग तव्यावर पाणी फिरवल्याची चर्र, आणि मागे कुठेतरी लहान भावाचे पाढे. चित्र काहीच नव्हतं, पण ते घर सगळ्यांना दिसलं. पुढे तिनं त्याच आवाजावर फिल्म केली.

४. खर्च किती येतो, आणि पैसे कुठून आणायचे?

फोन हाताशी असेल तर उरतं ते जेवण, पेट्रोल आणि हार्डडिस्क. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, फक्त तिला जरा दमदार कॉम्प्युटर लागतो. तो नसेल तर फोनवरचं व्हीएन ॲप.

मदत करणाऱ्यांना आम्ही रोख पैसे देऊ नका असंच सांगतो. रोख आली की पोरांची चर्चा ड्रोन आणि गिंबलवर (फोन न हलता धरणाऱ्या दांड्यावर) जाते. वस्तू द्या: दोन वेळचं जेवण, दिवसभर गाडी, शूटिंगपुरती रिकामी खोली, जुना लॅपटॉप. गणेश मंडळांना आमचं सांगणं आहे की वर्गणीतून एकच प्रोजेक्टर घ्या. तो दहा वर्षं गावाच्या कामी येईल. डीजेचं भाडं एका रात्रीत जातं.

राज्य सरकारचं मराठी चित्रपटांना अनुदान आहे, पण ते पूर्ण लांबीच्या चित्रपटांसाठी. पहिल्या शॉर्टफिल्मसाठी त्याच्या मागे लागू नका.

५. आम्हाला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. आम्ही काय मदत करणार?

कळत नाही तेच बरं आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट सांगताना कॅमेऱ्याबद्दल सगळे बोलतात. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अख्ख्या युनिटचा स्वयंपाक केला आणि वर फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकून घेतली, हे कमी सांगितलं जातं. तो सिनेमा पुरा झाला त्यात या कामांचा वाटा मोठा होता.

तुमच्या गावातही पोरांचं अडतं ते असल्याच गोष्टींवर. मुख्याध्यापकांना भेटायला सोबत मोठं माणूस हवं असतं. संध्याकाळी मुलींना घरी सोडायला कुणीतरी हवं असतं. शेजारचे काका ट्रॅक्टर बंद करत नाहीत, त्यांना सांगायला कुणीतरी हवं असतं. आणि सगळ्यांत मोठी मदत म्हणजे तारीख. 'अमुक तारखेला शाळेत तुमची फिल्म लावणार, गावातली माणसं बघायला येणार' असं एकदा जाहीर करून टाका. तारीख नसली की फिल्म दोन-दोन वर्षं एडिटिंगलाच पडून राहते. तारीख असली की पोरं रात्र रात्र जागून ती संपवतात. आमच्या आजवरच्या खटाटोपातून ठामपणे सांगण्यासारखं एवढंच निघालं आहे: शाबासकी आणि पैसा यांच्याआधी तारीख आणि पडदा द्या.

त्यापुढे न विचारता सल्ला देऊ नका. विचारला तर प्रश्न ८ पाहा.

६. मुलगी बारावीला आहे आणि फिल्मच करायची म्हणते. अभ्यास बुडणार नाही का?

वर्षभर चाललं तर बुडेल. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस शूट आणि मग रविवारी एडिटिंग असं बांधून दिलं तर नाही बुडणार.

करिअरचं विचारत असाल तर दोन गोष्टी सांगतो. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या, सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत, मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. त्यामुळे 'बारावी सोडून सिनेमा' हा रस्ता तिथे जातच नाही. आधी पदवी घ्यावी लागेल आणि ती कुठल्याही शाखेची चालेल. तीच संस्था थोड्या दिवसांचे छोटे अभ्यासक्रमही घेते. ते करून बघितल्यावर आवड किती खोल आहे ते घरच्यांनाही कळतं. दुसरं, दिग्दर्शक एक असतो, पण साऊंड, एडिटिंग, सबटायटल, प्रॉडक्शन ही कामं करणारे पुष्कळ लागतात आणि पोट त्यातूनच भरतं. मुलगी एडिटिंगला तासन्‌तास बसत असेल तर ती लक्षणं चांगली आहेत. फक्त मुलाखती कशा द्यायच्या याची स्वप्नं बघत असेल, तर वर्षभर थांबा, आपोआप उतरेल.

७. मुलीला शूटिंगला पाठवायला घरचे तयार होत नाहीत.

त्यांची काळजी खोटी ठरवू नका, तिचं उत्तर द्या. शूटिंग कुठे, किती वाजेपर्यंत, सोबत मोठं कोण, परत कोण सोडणार, हे कागदावर लिहून आदल्या दिवशी घरी द्यायचं. रात्रीचे प्रसंग दिवसाच शूट करता येतात. खिडक्यांना गोधड्या लावल्या की दुपारीही रात्र होते. अठराखालच्या मुलामुलींच्या चमूत एक तरी विश्वासातली बाई हजर हवी आणि कुणाही मोठ्या माणसानं एकट्या मुलाला किंवा मुलीला 'ऑडिशन'साठी बोलवायचं नाही, हा आमचा नियम आहे. त्याला अपवाद नाही. बाहेरचा कुणी मोठं नाव सांगत आला आणि फोटो, पैसे मागू लागला, तर त्याला सरळ बाहेरचा रस्ता दाखवा.

आणखी एक दिसतं. मुली आल्या की त्यांना मेकअप आणि वहीत शॉट लिहिण्याचं काम मिळतं, कॅमेरा मुलगेच धरतात. आम्ही रोज कामं फिरवतो.

८. पोरांची फिल्म बघितली, पण आवडली नाही. खरं सांगावं का?

सांगावं, पण पडद्यावर लावलेल्या दिवशी नाही. त्या दिवशी 'पुरी केलीस' एवढंच म्हणा, तेही खोटं नसतं. आठवड्यानं शांतपणे बसा आणि मताऐवजी तुम्हाला काय दिसलं ते सांगा: 'तो मुलगा विहिरीकडे का गेला ते मला कळलं नाही', 'मधे माझं लक्ष उडालं, तेव्हा दोघं रस्त्यानं चालत होते'. असं ऐकलं की पोरगं स्वतःच म्हणतं, तो शॉट लांबलाय. 'तुझ्या जागी मी असतो तर' ही सुरुवात टाळा. ती फिल्म तुमची नाही.

९. फिल्ममध्ये सामाजिक संदेश नको का?

हा प्रश्न नेहमी शिक्षकांकडून येतो आणि इथे आमचं त्यांच्याशी पटत नाही. मोबाईलचे दुष्परिणाम, स्वच्छता, व्यसनमुक्ती, झाडे लावा. शेवटी एक पोरगा कॅमेऱ्याकडे बघून भाषण करतो आणि काळ्या पडद्यावर सुविचार येतो. असल्या फिल्म पोरं करतात कारण मोठ्यांना त्या आवडतील हे त्यांना ठाऊक असतं.

नागराज मंजुळे यांची 'पिस्तुल्या' ही शिकत असताना केलेली शॉर्टफिल्म. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेत जाऊ पाहणारा एक मुलगा आणि आडवी येणारी परिस्थिती, एवढाच तिचा विषय. 'शिक्षण महत्त्वाचं आहे' असं सांगणारा सुविचार तिला लावावा लागला नाही. पोरांना त्यांच्या घरातलं, रस्त्यावरचं काही करू द्या. आणि बोली त्यांचीच ठेवू द्या. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातलं पात्र अचानक पाठ्यपुस्तकासारखं बोलायला लागलं की पहिल्या वाक्यातच खोटं वाटतं. बाहेरच्यांसाठी सबटायटल आहेतच.

१०. गावात फिल्म दाखवायची कशी?

शाळेचा हॉल किंवा पटांगण, अंधार पडल्यावर. प्रोजेक्टर साधारण ३००० लुमेनचा (हे उजेडाचं माप) असेल आणि आजूबाजूचे बल्ब बंद असतील तर चित्र स्वच्छ दिसतं. पडदा म्हणून चादर लावलीत तर दुहेरी लावा, एकेरीतून उजेड पार जातो. जुन्या फ्लेक्सची पाठ पांढरी असेल तर ती चादरीपेक्षा चांगली, मात्र चारही बाजूंनी सुतळीनं ताणून बांबूला बांधायची, नाहीतर वाऱ्यावर नायकाचं नाक हलतं. ध्वनी मात्र प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर सोडू नका. भजनी मंडळाचा स्पीकर आणा आणि दुपारीच लावून बघा. लाईट जाणार हे धरून इन्व्हर्टर ठेवा. जनरेटर लागलाच तर लांब, इमारतीच्या मागे. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून साडेनऊला संपेल असं बसवा.

लोक येतील का, याची चिंता नको. यंत्रमागाच्या मालेगावात नासीर शेख आणि त्यांच्या मित्रांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला, तो मालेगावच्याच लोकांनी गर्दी करून बघितला. जग त्यांच्याकडे नंतर वळलं. आपल्या गल्लीतलं माणूस पडद्यावर दिसणं याची मजा वेगळी असते.

प्रत्येक फिल्मनंतर पोरांना पुढे उभं करा आणि लोकांना प्रश्न विचारू द्या. पाहुण्यांची भाषणं ठेवू नका, सत्कार तर नकोच. तिकीट लावायचं नाही, आणि बोलवायचं ते नावानिशी निमंत्रण देऊन. का, ते पुढच्या उत्तरात.

११. शॉर्टफिल्मला सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का?

यूट्यूबवर टाकायला आजच्या घडीला नाही लागत. सार्वजनिक प्रदर्शनाला लागतं. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा लांबी बघत नाही आणि फुकट दाखवली म्हणून सूटही देत नाही. म्हणून चौकात सगळ्यांसाठी खुला कार्यक्रम करायचा असेल तर सेन्सॉर बोर्डाकडे रीतसर ऑनलाईन अर्ज करून प्रमाणपत्र घ्या. आता 'यूए' मध्ये (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनानं बघायच्या फिल्मच्या दाखल्यात) ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आहेत. आम्ही कार्यक्रम शाळेच्या आवारात, नावानिशी निमंत्रण देऊन, कलाकार-पालक-शिक्षक आणि त्यांच्या घरच्यांपुरता ठेवतो. तिकीट लावलं की मामला थेट व्यवसायाचा होतो आणि जिल्हा प्रशासनाच्या परवान्याचे प्रश्न वेगळे येतात. चित्रपट महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळू शकते, ती आयोजक घेतात, फिल्म करणाऱ्यानं नाही.

१२. शूटिंगला कुणाकुणाची परवानगी लागते?

खासगी घर, शेत, दुकान असेल तर मालकाची, आणि ती लेखी घ्या. दोन ओळी आणि सही पुरे. शाळेसाठी मुख्याध्यापक. गावातला रस्ता किंवा चावडी असेल तर ग्रामपंचायतीला पत्र आणि पोलीस ठाण्याला कळवणं. एसटी स्टँडवर आगारप्रमुखांना विचारा. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊच नका, रुळांवर तर चुकूनही नाही. रुळांवरचा एक शॉट कुठल्याही फिल्मपेक्षा महाग पडू शकतो.

गडकिल्ल्यांवर सगळ्यांनाच जायचं असतं. केंद्राच्या संरक्षित स्मारकांवर चित्रपटाच्या शूटिंगसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि शुल्क भरावं लागतं. राज्य संरक्षित किल्ला असेल तर राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे जा, जंगल असेल तर वनखात्याकडे. पहिल्या फिल्मला हा व्याप नको. गावाबाहेरची पडकी भिंत शोधा.

फिल्ममध्ये पोलीस, खोटं पिस्तूल किंवा मारामारी असेल तर ठाण्यात आधी सांगून या. वर्दीतला नट चहाच्या टपरीवर गेला आणि कुणी खरा समजला की नसता घोळ. ब्रेक झाला की वर्दीवर शर्ट चढवायचा.

१३. गाणं वापरलं आणि खाली नाव दिलं. तरी यूट्यूबनं दावा का लावला?

श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नाही. दहा सेकंद चालतात ही गावगप्प आहे.

जरा गुंता आहे तो जुन्या गाण्यांत. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, पण शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या तबकडीचा हक्क संपला असला तरी गीतकार नंतर बरीच वर्षं जगले असतील तर गाणं मोकळं नाही. उलट तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण एखाद्या नामवंत गायकानं अलीकडे लावलेली चाल आणि केलेली रेकॉर्डिंग त्यांची किंवा कंपनीची. पारंपरिक ओवी, जात्यावरची गाणी तुमच्या आजीच्या आवाजात रेकॉर्ड करा. परवानगीचा प्रश्न मिटतो आणि फिल्मला असा आवाज मिळतो जो दुसऱ्या कुणाकडेच नाही. आजीचं नाव मात्र श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरात.

शाळेच्या कार्यक्रमात, फक्त विद्यार्थी-शिक्षक-पालकांसमोर सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. ती त्या सभागृहापुरती. तीच फिल्म नेटवर टाकली की सूट संपली.

१४. लहान मुलं काम करतायत. काही कायदा आहे का?

आहे. व्यावसायिक निर्मितीत १४ वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. मुलाच्या मनाविरुद्ध काहीही करून घेता येत नाही.

शाळेच्या किंवा घरच्या फिल्मलाही आम्ही हीच मोजपट्टी लावतो. पैशांचा प्रश्न नसला तरी दमलेलं मूल दमलेलंच असतं. रडायचा शॉट हवा म्हणून मुलाला खरंच रडवणारा दिग्दर्शक दिसला तर शूटिंग तिथेच थांबवा, मग तो तुमचा भाचा का असेना.

१५. बैल, कुत्रा, कोंबडा चालेल का?

प्रमाणपत्र घ्यायचं असेल (प्रश्न ११) तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधीच परवानगी लागते. शूटिंग झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. नुसता गोठ्यात रवंथ करणारा बैलही अडचण ठरू शकतो, म्हणून पहिल्या फिल्मची गोष्ट शक्यतो माणसांवर निभावून न्या. शर्यत, मारणं, पळवणं असले शॉट परवानगी असो-नसो, करायचेच नाहीत.

१६. ड्रोन शॉट हवाच आहे.

नको आहे. तरीही घ्यायचाच असेल तर: २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरला जातो आणि त्याला अटी कमी आहेत. ड्रोनसाठीच्या डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं गाव हिरव्या भागात आहे का ते आधी बघा. लाल भागात उडवायचाच नाही. यात्रा, मिरवणूक, सभा असेल तर पोलिसांची तात्पुरती बंदी असू शकते. लग्नवाल्या फोटोग्राफरकडे असतो म्हणून सगळीकडे चालतो असं नाही.

१७. आधी यूट्यूबवर टाकू की महोत्सवात पाठवू?

आधी गावात दाखवा. मग महोत्सव, शेवटी यूट्यूब. बरेच महोत्सव नेटवर आधीच खुली असलेली फिल्म घेत नाहीत किंवा मागे ठेवतात. प्रत्येकाची नियमावली वाचा. निवड समितीला पाठवताना लिंक खासगी ठेवा आणि सबटायटल इंग्रजीत द्या. ते भाच्याकडून घाईत करून घेऊ नका, विनोद तिथेच मरतात.

माहितीपट, शॉर्टफिल्म आणि ॲनिमेशनसाठी मुंबईचा 'मिफ' हा मोठा महोत्सव, १९९० पासूनचा, दोन वर्षांतून एकदा. पुण्याचा 'पिफ' बहुतेक जानेवारीत, छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ महोत्सव. तिथे पोरांना आधी प्रेक्षक म्हणून न्या. चार दिवस रोज चार सिनेमे बघितले की शिबिरात शिकवायचं आमचं निम्मं काम होतं. गोव्याच्या 'इफ्फी'त २०२१ पासून ३५ वर्षांखालच्यांची देशभरातून निवड करणारा उपक्रम चालतो, अलीकडे त्यात ४८ तासांत फिल्म करायला लावतात. आधीचं काम दाखवावं लागतं, म्हणून दोन-तीन फिल्म झाल्यावर अर्ज करा.

एक सावधानता. दर महिन्याला ऑनलाईन 'आंतरराष्ट्रीय पुरस्कार' देणाऱ्या ढीगभर जागा आहेत. प्रवेश शुल्क भरा, महिनाभरात लॉरेलची पानं (पोस्टरवर छापायचं पुरस्काराचं चिन्ह) मिळतात. ना पडदा, ना प्रेक्षक. ते पैसे पोरांच्या जेवणावर खर्च करा.

१८. यूट्यूबवरून पैसे मिळतात ना?

जाहिरातींचे पैसे मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं लागतं, किंवा शॉर्ट्सचे ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. अठराखालच्या मुलांना पालकांचं खातं जोडावं लागतं. एका शॉर्टफिल्मवर हे होत नाही.

१९. फिल्म गाजली आणि मित्रांत भांडण लागलं. ती नेमकी कुणाची?

कायद्याच्या भाषेत फिल्मचा कर्ता निर्माता असतो, म्हणजे ती करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. पोरांच्या चमूत तो कोण हेच कुणी ठरवलेलं नसतं. फोन एकाचा, गोष्ट दुसऱ्याची, एडिटिंग तिसऱ्याच्या लॅपटॉपवर. मग बक्षीस मिळालं की लॅपटॉपवाला फाईल देत नाही.

शूटिंगआधी एक पान लिहा: निर्माता कोण, नावं कुठल्या क्रमानं, बक्षीस आलं तर वाटा कसा, फाईल कुणाकडे. सगळ्यांच्या सह्या, अठराखालच्यांच्या पालकांच्याही. आणि मूळ फुटेज दोन वेगळ्या घरांत दोन हार्डडिस्कवर ठेवा. फोन हरवला म्हणून फिल्म गेली, असं सांगणारी पोरं दर वर्षी भेटतात.

२०. गावातल्या खऱ्या घटनेवर फिल्म केली आणि काही लोक चिडले आहेत.

आधी बघा, चिडले कशावर. एखाद्या जिवंत माणसाचं नाव, घर, आजार किंवा पोलीस केस ओळखू येईल अशी दाखवली असेल तर त्यांची तक्रार रास्त आहे. बदला. लैंगिक अत्याचाराची घटना असेल तर पीडितेची ओळख उघड होणं हा गुन्हाच आहे, तिथे चर्चेला जागा नाही.

पण राग 'गावाची बदनामी केली' एवढाच असेल, म्हणजे फिल्ममध्ये पाणवठा, जात, हुंडा, सावकारी असं काही खरं आलं असेल, तर पोरांच्या पाठीशी उभं राहायची वेळ हीच. त्या घरच्या मोठ्या माणसांना एकेकट्यानं बोलवून पूर्ण फिल्म दाखवा. बहुतेकांनी ती बघितलेलीच नसते, कुणाच्या तरी फोनवर तीस सेकंदांचा तुकडा बघितलेला असतो. बोलणी पोरांना एकट्यांना करायला लावू नका. धमकी आली तर तक्रार लेखी द्या.

२१. स्थानिक नेते प्रोजेक्टर, मंडप सगळं द्यायला तयार आहेत. फक्त फिल्मच्या सुरुवातीला फोटो हवा म्हणतात. काय करावं?

मंडप घ्या, फोटो नाही. कार्यक्रमाच्या ठिकाणी एक फलक आणि शेवटच्या आभारात नाव, इथपर्यंत ठीक. फिल्मच्या आत कुणाचाच फोटो टाकू नका, कारण फिल्म पुढे महोत्सवात जाते, वेगळ्या जिल्ह्यात दाखवली जाते आणि पोरांच्या नावावर कायमचा शिक्का बसतो. त्यांना हे असंच सांगा, बरेचजण समजून घेतात. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर फलकही नको आणि पाहुणे म्हणूनही कुणाला बोलवू नका. शाळेच्या आवारातला कार्यक्रम त्या काळात आधी तहसील कार्यालयात विचारून घ्या, किंवा तारीख मतमोजणीनंतरची धरा.